आयव्हीएफ-आययूआयच्या काळातील हार्मोन तपासण्या: कोणता आकडा कधी आणि कशासाठी बघायचा?

संध्याकाळी मोबाइलवर लॅबचा रिपोर्ट येतो. एस्ट्राडिऑल २१४०, ठळक अक्षरांत, आणि शेजारी 'हाय' अशी खूण. उपचार चालू असलेले केंद्र दुसऱ्या शहरात असते आणि तिथले डॉक्टर उद्या सकाळीच भेटणार असतात. मग ती रात्र गुगल करण्यात जाते. अशा वेळी अनेक जणी रिपोर्ट घेऊन जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे येतात, आणि बहुतेक वेळा त्यांना सांगावे लागते की हा आकडा वाईट नाही. इंजेक्शने लागू पडत आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

घोटाळा कुठे होतो? रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा ही कोणतेही उपचार न घेणाऱ्या स्त्रीसाठी असते. तुम्ही मात्र अंडाशयाला मुद्दाम जास्त काम करायला लावणारी औषधे घेत असता. त्यामुळे त्या मर्यादेशी तुलना करून तुमच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. उपचारातली प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केलेली असते. तो प्रश्न कोणता, हे माहीत असेल तर रिपोर्ट वाचणे बरेच सोपे होते.

थोडक्यात महत्त्वाचे

• हार्मोनचा आकडा एकटा वाचू नका. पाळीचा दिवस, चालू औषध, सोनोग्राफी आणि रिपोर्टवरचे एकक यांच्यासोबतच वाचा.
• एएमएच म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज. त्यावरून बीजांचा दर्जा कळत नाही.
• ट्रिगर इंजेक्शननंतर घाईने केलेली गरोदरपणाची तपासणी फसवी ठरू शकते.
• केस गळतीसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे अनेक हार्मोनचे आकडे चुकीचे येऊ शकतात.
• पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, यांपैकी काहीही झाले तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

पहिला टप्पा: उपचार सुरू होण्यापूर्वी

या टप्प्यातला प्रश्न असा असतो: अंडाशयाकडून किती प्रतिसादाची अपेक्षा ठेवायची, आणि आधी दुरुस्त करण्यासारखे काही आहे का?

एएमएच: अंडाशयातल्या लहान लहान फॉलिकलमधून, म्हणजे बीज असलेल्या पिशव्यांमधून, हे हार्मोन तयार होते. पाळीच्या कोणत्याही दिवशी ते तपासता येते. साधारण १.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिपेक्षा कमी असेल तर आयव्हीएफमध्ये बीजे कमी मिळण्याची शक्यता असते. ३.५ च्या वर असेल, विशेषतः पीसीओएस असताना, तर अंडाशय इंजेक्शनला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देऊ शकतो, म्हणून डोस जपून ठरवला जातो. कमी एएमएच म्हणजे 'मूल होणार नाही' असा अर्थ मात्र काढू नका. बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो आणि तो या तपासणीत दिसत नाही.

एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिऑल: या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करतात. नुसते डाग पडतात तो पहिला दिवस धरू नका. लाल रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. संध्याकाळी उशिरा पाळी आली तर दिवस कसा मोजायचा, हे केंद्राला फोन करून विचारा. एफएसएच साधारण १० च्या आत असणे समाधानकारक मानतात. पण त्याच दिवशी एस्ट्राडिऑल ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर त्या दाबाखाली एफएसएच खोटे कमी दिसू शकते. हे दोन आकडे म्हणूनच जोडीने बघतात.

टीएसएच: थायरॉइडचा बिघाड पाळी, बीज बाहेर पडणे आणि गर्भ टिकणे या सगळ्यांवर परिणाम करतो. उपचारांच्या काळात टीएसएच २.५ च्या आसपास किंवा त्याखाली ठेवण्याकडे अनेक डॉक्टरांचा कल असतो. एरवी ४ पर्यंतचा आकडा 'नॉर्मल' म्हणून सोडून दिला जातो. इथे तसे का होत नाही, हे त्यावरून लक्षात येईल.

प्रोलॅक्टिन: हे हार्मोन फार लवकर वर जाते. झोपेतून नुकतेच उठणे, धावपळ, ताण, एवढेही त्याला पुरते. उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, थोडा वेळ शांत बसून रक्त द्या. दवाखान्यात वारंवार दिसणारे आणखी एक कारण म्हणजे ॲसिडिटीच्या गोळ्या. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात, आणि या दोन्ही औषधांनी प्रोलॅक्टिन वाढते. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही तसे होते. ती औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका; घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा.

दुसरा टप्पा: इंजेक्शनचे दिवस

आता प्रश्न बदलतो: फॉलिकल योग्य वेगाने वाढत आहेत का? फार कमी की फार जास्त?

याचे मुख्य उत्तर सोनोग्राफीतून मिळते. फॉलिकल किती आहेत आणि किती मिलिमीटरचे झाले, हे त्यात प्रत्यक्ष दिसते. वाढ साधारण दिवसाला दीड ते दोन मिलिमीटर असते. दोन-तीन फॉलिकल १७-१८ मिलिमीटरपर्यंत पोहोचले की ट्रिगर इंजेक्शनचा विचार होतो.

एस्ट्राडिऑल हे त्याच फॉलिकलमधून तयार होणारे हार्मोन आहे. एका मोठ्या फॉलिकलमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम, असा ढोबळ हिशेब डॉक्टर मनात धरतात. सुरुवातीच्या रिपोर्टकडे पुन्हा पाहा. सोनोग्राफीत नऊ मोठे फॉलिकल दिसत असतील तर २१४० हा आकडा हिशेबात अगदी नीट बसतो. तोच आकडा दोनच फॉलिकल दिसत असताना आला, तर डॉक्टर पुन्हा बारकाईने बघतील.

तुम्हाला लेट्रोझोलच्या गोळ्या चालू असतील तर एस्ट्राडिऑल फॉलिकलच्या मानाने कमी दिसेल. ते औषध इस्ट्रोजेन तयार होणेच कमी करते, त्यामुळे अशा वेळी कमी आकडा अपेक्षितच असतो.

एलएच: हे हार्मोन एकदम वाढले की बीज वेळेआधी फुटून निघून जाण्याची भीती असते. ते रोखण्यासाठी सिट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्ससारखे इंजेक्शन बहुधा पाचव्या-सहाव्या दिवसापासून जोडतात. हे इंजेक्शन चुकले तर लपवू नका, लगेच केंद्राला कळवा.

प्रोजेस्टेरॉन: ट्रिगरच्या सुमारास हे १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेले असेल तर गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी पुढे सरकलेले असू शकते. अशा वेळी अनेक केंद्रे त्या महिन्यात भ्रूण न सोडता ते गोठवून ठेवतात आणि पुढच्या महिन्यांत सोडतात. 'सायकल वाया गेली' असे ऐकले तरी घाबरून जाऊ नका. भ्रूण सुरक्षित असतात, फक्त सोडण्याची तारीख पुढे जाते.

तिसरा टप्पा: ट्रिगर इंजेक्शन

इथे रक्ततपासणीपेक्षा घड्याळ महत्त्वाचे. बीज बाहेर काढण्याची वेळ ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांची ठरवलेली असते. रात्री १० ला सांगितलेले इंजेक्शन १२ ला घेतले तर पुढचा सगळा हिशेब बिघडू शकतो. वेळ चुकलीच तर खरी वेळ केंद्राला सांगा. शस्त्रक्रियेची वेळ बदलता येते, पण तुमची चूक त्यांना कळली तरच.

फॉलिकल खूप झाले असतील तर एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन हे ट्रिगर वापरतात. अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका त्याने बराच कमी होतो. तुम्हाला कोणते ट्रिगर दिले, हे नाव लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यात त्याचा उपयोग होणार आहे.

चौथा टप्पा: प्रोजेस्टेरॉनचा आधार

आययूआय किंवा भ्रूण सोडल्यानंतर गोळ्या, योनीत ठेवायच्या कॅप्सूल, जेल किंवा इंजेक्शन या रूपांत प्रोजेस्टेरॉन दिले जाते. योनीतून दिलेले औषध थेट गर्भाशयात जास्त पोहोचते. रक्तातला आकडा त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्या मैत्रिणीपेक्षा कमी दिसू शकतो. दोघींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. गोठवलेले भ्रूण सोडताना काही केंद्रे रक्तातले प्रोजेस्टेरॉन तपासतात आणि ते कमी असेल तर डोस वाढवतात किंवा इंजेक्शन जोडतात.

औषधाशिवाय बीज बाहेर पडते का, हे बघण्यासाठी 'एकविसाव्या दिवसाची' प्रोजेस्टेरॉन तपासणी सांगतात. तो २१ वा दिवस फक्त २८ दिवसांनी पाळी येणाऱ्यांसाठी आहे. खरा नियम असा, की पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी तपासायचे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर २८ व्या दिवशी. ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला की बीज बाहेर पडले असे धरतात. चुकीच्या दिवशी तपासल्यामुळे 'बीज तयार होत नाही' असा शिक्का उगाच बसलेल्या स्त्रिया कमी नाहीत.

पाचवा टप्पा: बीटा एचसीजी

गर्भधारणा झाली का, याचे उत्तर या तपासणीतून मिळते. आययूआयनंतर साधारण १४ दिवसांनी आणि भ्रूण सोडल्यानंतर ९ ते १४ दिवसांनी, केंद्राने दिलेल्या तारखेला ती करतात.

त्याआधी घरी पट्टी लावण्याचा मोह होतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण ट्रिगर एचसीजीचे असेल तर त्याचा अंश १० ते १४ दिवस शरीरात राहू शकतो. पट्टीवर दिसणारी दुसरी रेघ त्या इंजेक्शनचीही असू शकते. उलट, फार लवकर तपासले तर गर्भ रुजलेला असूनही पट्टी कोरी येते, आणि निराश होऊन प्रोजेस्टेरॉन बंद केले जाते. ही चूक महागात पडू शकते. पट्टी कोरी आली किंवा थोडे डाग दिसले तरी केंद्राने सांगेपर्यंत औषध थांबवू नका.

पहिल्या आकड्याइतकीच ४८ तासांनंतरची वाढ महत्त्वाची असते. सुरुवातीच्या दिवसांत दोन दिवसांत आकडा बहुधा दुपटीच्या जवळ जातो, निदान दीडपट तरी व्हावा अशी अपेक्षा असते. पहिला आकडा १२० आणि दुसरा २६० असेल तर वाढ चांगली आहे. पहिला ४०० आणि दुसरा ४३० असेल तर आकडे मोठे दिसले तरी वाढ अपुरी आहे. गर्भ नीट वाढत नसेल किंवा गर्भाशयाबाहेर, म्हणजे नळीत, रुजला असेल तर असे होऊ शकते. अशा वेळी पुन्हा तपासणी आणि सोनोग्राफी लागते.

बीटा पॉझिटिव्ह आला आणि तुम्हाला थायरॉइडची गोळी चालू असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हा डोस वाढवण्याची गरज पडते. आनंदाच्या गडबडीत नेमके हेच राहून जाते.

आकडा चुकीचा कशामुळे येतो?

बायोटिन: केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये अनेकदा १० मिलिग्रॅम बायोटिन असते. शरीराची रोजची गरज असते सुमारे ३० मायक्रोग्रॅम. काही यंत्रांवर या जादा बायोटिनमुळे टीएसएच, एफएसएच, एलएच आणि बीटा एचसीजी खोटे कमी, तर एस्ट्राडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकतात. तपासणीच्या आधी निदान दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबला सांगा. फॉलिक ॲसिड मात्र बंद करायचे नाही.

एकक: एएमएच काही लॅब नॅनोग्रॅममध्ये, काही पिकोमोलमध्ये देतात. २ नॅनोग्रॅम म्हणजेच सुमारे १४ पिकोमोल. एस्ट्राडिऑलचे ६०० पिकोग्रॅम म्हणजे सुमारे २२०० पिकोमोल. परदेशात राहून उपचारासाठी इकडे येणाऱ्या जोडप्यांच्या जुन्या-नव्या रिपोर्टमध्ये हा घोळ हमखास होतो.

लॅब बदलणे: वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे थोडे वेगळे येतात. एका सायकलमधल्या सगळ्या तपासण्या, विशेषतः ४८ तासांच्या अंतराने करायचे दोन बीटा, एकाच लॅबमध्ये करा.

तपासण्या आणि फेऱ्या कमी करता येतात का?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटून घेऊ नका. तालुक्याच्या गावाहून पुण्या-नाशिकला दर दोन दिवसांनी जाणे म्हणजे रजा, गाडीभाडे आणि घरी द्यावी लागणारी उत्तरे, असा तिहेरी भार असतो.

आयव्हीएफमध्ये सोनोग्राफीला एस्ट्राडिऑलची जोड दिल्याने गर्भधारणेचे प्रमाण वाढते का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला. २०२१ मध्ये अद्ययावत केलेल्या या आढाव्यात, सोनोग्राफीसोबत रक्ततपासणी केल्याने जास्त यश मिळते असा पुरावा आढळला नाही. युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांच्या एश्रे या संस्थेनेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, सोनोग्राफीला दरवेळी हार्मोनच्या संचाची जोड देण्याची शिफारस केलेली नाही.

तरीही काही जणींना रक्ततपासणी खरोखर लागते. उदाहरणार्थ, पीसीओएस किंवा जास्त एएमएच असणाऱ्या, आधीच्या वेळी अंडाशय फार सुजलेल्या, किंवा सोनोग्राफीत चित्र स्पष्ट न दिसणाऱ्या. त्यामुळे तपासणी स्वतःच्या मनाने टाळू नका, पण हे तीन प्रश्न जरूर विचारा:

१. या तपासणीच्या निकालावर माझ्या औषधात काय बदल होऊ शकतो?
२. आजचा निर्णय फक्त सोनोग्राफीवर घेता येईल का?
३. रक्त माझ्या गावातल्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट पाठवला तर चालेल का?

आययूआयसाठी साध्या गोळ्या चालू असतील तर अनेकदा दोन-तीन सोनोग्राफींवरच काम भागते.

एका पानाची नोंद ठेवा

वहीच्या एका पानावर हे रकाने आखा: तारीख, पाळीचा किंवा इंजेक्शनचा कितवा दिवस, औषध आणि डोस, सोनोग्राफीत मोठे फॉलिकल किती, हार्मोनचा आकडा एककासह, आणि डॉक्टरांनी पुढे काय सांगितले. तुमचे डॉक्टर बदलले, रात्री दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जावे लागले, किंवा पुढच्या वेळी डोस ठरवायचा असेल, तर मोबाइलमधल्या चाळीस पीडीएफपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडते.

ताबडतोब डॉक्टरांना कधी गाठावे?

बीज काढल्यानंतर किंवा ट्रिगरनंतर:
• पोट झपाट्याने फुगणे, दिवसात एक किलो किंवा जास्त वजन वाढणे
• सतत उलट्या, धाप लागणे, लघवी फार कमी होणे
• पोटरीत किंवा पायात एका बाजूला सूज आणि दुखणे
• ताप किंवा खूप रक्तस्राव

ही अंडाशय अतिउत्तेजित झाल्याची, रक्ताची गुठळी झाल्याची किंवा जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. गर्भ राहिल्यावर अतिउत्तेजनाचा त्रास उशिराही सुरू होतो किंवा वाढतो.

बीटा पॉझिटिव्ह आल्यानंतर:
• पोटात एका बाजूला तीव्र दुखणे
• खांद्याच्या टोकाला दुखणे
• चक्कर, घेरी किंवा बेशुद्धी

नळीतला गर्भ फुटल्याची ही लक्षणे असू शकतात. आयव्हीएफनंतरही गर्भ नळीत रुजू शकतो. केंद्र दूर असेल तर सर्वांत जवळच्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या तपासण्यांना उपाशीपोटी जावे लागते का?
बहुतेकांना नाही. प्रोलॅक्टिन सकाळी उपाशीपोटी दिलेले बरे. सोबत साखर किंवा इन्सुलिन तपासायचे असेल तर उपाशी राहावे लागते.

सारखे रक्त काढल्याने अशक्तपणा येतो का?
एका वेळी काही मिलिलिटरच रक्त घेतात, त्याने अशक्तपणा येत नाही. पण हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर उपचारांपूर्वी ते भरून काढा.

औषधाने एएमएच वाढते का?
गेलेला बीजसाठा परत आणणारे कोणतेही सिद्ध औषध नाही. आकडा वाढवण्याच्या नावाखाली महिनोन्महिने पावडरी घेण्यात वेळ घालवू नका, कारण वय थांबत नाही.

घरच्या ओव्ह्युलेशन किटने काम भागेल का?
पाळी नियमित असेल तर संबंधांचा योग्य दिवस ठरवायला ते उपयोगी आहे. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच जास्त असू शकते, त्यामुळे किट फसवते. आयव्हीएफच्या इंजेक्शनच्या दिवसांत त्याचा उपयोग नाही.

पुढच्या वेळी रिपोर्टवर 'हाय' किंवा 'लो' दिसले, तर आधी वहीतले पान उघडा. आज कितवा दिवस, कोणते औषध चालू आहे आणि सोनोग्राफीत काय दिसले, हे बघा. वरच्या यादीतले एकही लक्षण नसेल तर तो आकडा सकाळपर्यंत थांबू शकतो. लक्षण असेल, तर आकडा कितीही चांगला असला तरी थांबू नका.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा डोस बदलणे हे तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.